रिपोर्ट नॉर्मल, तरी पाय दुखतोच

“रात्री पोटऱ्या धरून रडते आणि सकाळी उड्या मारत शाळेत जाते. डॉक्टर, ही नाटक तर करत नाही ना?” छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यांत फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या आयांचा हा नेहमीचा प्रश्न. उत्तर स्पष्ट आहे: मूल नाटक करत नाही. दुखतं म्हणजे दुखतंच.

तीन ते बारा वर्षांच्या मुलांत असं दुखणं बरंच आढळतं. दोन्ही पाय, मांड्या आणि पोटऱ्या दुखतात, तेही संध्याकाळी किंवा रात्री. तेल चोळलं, पाय चेपले की मूल झोपतं. सकाळी मागमूस नसतो. याला ‘वाढीचं दुखणं’ म्हणतात, पण उंची झपाट्याने वाढण्याच्या वयाशी त्याचा मेळ बसत नाही.

निदान होतं ते आधी विचारपूस करून आणि मुलाला तपासून. डॉक्टर सांधा वाकवून बघतात, मुलाला चालायला लावतात. दुखणं एकाच पायात असेल, मूल लंगडत असेल, सांधा सुजला किंवा सकाळी आखडला असेल, ताप, फिकटपणा, अंगावर निळे डाग किंवा वजनात घट असेल, तर थांबू नये. संधिवात लहान मुलांनाही होतो, आणि रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात कधी कधी हाडांच्या दुखण्यानेच होते. म्हणून निदानाआधी स्टिरॉइड देणं ही पहिली चूक. त्याने खरा आजार झाकला जातो.

दुसरी चूक रक्ताच्या एएसओ चाचणीची. हा आकडा वाढला म्हणजे घशात जंतुसंसर्ग होऊन गेला, एवढंच. ऱ्हुमॅटिक तापाची बाकी लक्षणं नसताना तेवढ्यावरून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीन टोचणं योग्य नाही.

काही मुलांचं दुखणं मात्र तीन महिन्यांपलीकडे रेंगाळतं, शाळा बुडते. तिथे नसाच जास्त संवेदनशील झालेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना अशा मुलांसाठी व्यायाम, मानसोपचार आणि गरजेपुरती औषधं यांची सांगड घालायला सांगतात. पलंगावर पडून राहिल्याने दुखणं वाढतं. रोज थोडं चालणं, वेळेवर झोप आणि पुन्हा शाळा यांनी ते उतरतं.

खर्चाची चिंता असेल तर घाटी रुग्णालयात बालरोग विभाग आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना दुखण्याची वही न्या: कधी दुखलं, कुठे दुखलं, सकाळी कसं होतं. डॉक्टरांना निम्मं निदान त्या वहीतच सापडेल.