अभ्यास कर, पण मधे ऊठ

आपल्या नेऱ्यातली कॉलेजची मुलगी सकाळी निघते. गाडीत बसते, वर्गात बसते, परत गाडीत बसते. घरी आली की जेवते आणि मोबाईल घेऊन पुन्हा बसते. आपणही म्हणतो, "बस बाई, दमली असशील." आपण चिखलात भात लावला, डोक्यावर पाणी आणलं. ते कष्ट तिच्या वाट्याला नकोत म्हणून तिला शिकवलं. बरोबरच केलं. पण कष्टांबरोबर तिचं हिंडणंफिरणंही गेलं.

बसून बिघडतं काय? आपल्या मांड्यांचे, पायांचे स्नायू सगळ्यांत मोठे. ते हलले की रक्तातली साखर वापरतात. तासन् तास बसलं की ते स्वस्थ पडतात आणि साखर रक्तातच फिरत राहते. लंडनमध्ये १९५३ साली बसवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या बस दोन मजली. कंडक्टर दिवसभर जिने चढायचा, ड्रायव्हर बसून असायचा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळला.

कुणी म्हणेल, "माझी पोर तर काडीसारखी, तिला कसली साखर?" इथेच फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आत, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त, स्नायू कमी. म्हणजे बारीक दिसणं ही काही हमी नाही. उलट आपल्या पोरांनी स्नायू वापरायलाच हवेत.

आता खरा प्रश्न. सांगून पोरं ऐकतात का? नाही. "चाळिशीत मधुमेह होईल" हे एकोणीस वर्षांच्या मुलीला फार लांबचं वाटतं. पण पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली बघा. ८०० मीटर धावायचं असतं, म्हणून पहाटे स्वतः उठतात. त्यांना कुणी हाका मारत नाही. का? त्यांच्याकडे तीन गोष्टी असतात : स्वतःचं कारण, सोबत आणि ठरलेली वेळ. भरतीला न जाणाऱ्या मुलीलाही याच तीन गोष्टी लागतात.

कारण तिला तिचंच शोधू द्या. कुणाची मान दुखते, कुणाला रात्री झोप येत नाही, कुणाचं अभ्यासात लक्ष लागत नाही. "यातलं तुला काय होतं?" एवढंच विचारा आणि ऐकून घ्या.

वेळ रोजच्या कामाला बांधा. फोन आला की चालत बोलायचं. एक धडा संपला की उठून पाणी प्यायचं. अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उठलं तरी फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास.

राहिली सोबत. ती आपल्या हातात आहे. हिंजवडीकडच्या रस्त्याला गाड्यांची वर्दळ, अंधार पडला की मुलीला एकटीला पाठवायला जीव धजत नाही. मैदानावर मुलगे खेळतात, मुली कडेला उभ्या राहतात. मग घरात बसून राहते तो सगळा तिचा आळस कसा म्हणायचा?

म्हणून येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक विषय घ्या. शाळेच्या मैदानावर संध्याकाळचा एक तास मुलींसाठी मागायचा. दिवा नसेल तर ग्रामसभेत अर्ज द्यायचा. आणि पाळीपाळीने आपल्यातल्या दोघींनी त्यांच्याबरोबर जायचं, राखण करायला नव्हे, चालायला. गुडघे आपलेही धरतातच की!