कोंकणच्या सड्यांवरील कातळशिल्पें

वऱ्हाडांतील वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. तेथें वाकाटकांची एक शाखा राज्य करीत असे, हें आपणांस ताम्रपटावरून व अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील शिलालेखावरून कळतें; कारण त्या लोकांपाशीं लेखनकला होती. परंतु याच महाराष्ट्रांत ज्यांनीं एकहि अक्षर मागें ठेविलें नाहीं, अशा लोकांची कृति पाहावयाची असेल, तर रत्नागिरी व राजापूरकडील सड्यांवर गेलें पाहिजे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचें उघडें, सपाट पठार. त्या कातळांत हत्ती, वाघ, मासे, पक्षी, मनुष्य व कांहीं गूढ चौकोन कोरलेले आहेत. कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब असून त्याच्या देहांत इतर अनेक प्राणी सामावले आहेत. बारसूच्या सड्यावर एक मनुष्य असून त्याच्या दोहों बाजूंस वाघ आहेत. देवीहसोळ येथें आर्यादुर्गेच्या देवळाजवळील चौकोनी आकृतीस गांवकरी आजहि पवित्र मानतात.

यांचें वय कसें ठरवावयाचें? उघड्या कातळावर कोळसा किंवा हाडें टिकत नाहींत. तेव्हां चित्रांनाच विचारावें लागतें. त्यांत नांगर, शेत यांचा मागमूस नाहीं. उलट आज कोंकणांत नसलेला गेंडा मात्र आहे. यावरून हे लोक शेतीपूर्व काळांतील शिकारी असावेत व हीं चित्रें कित्येक सहस्र वर्षांपूर्वींचीं असावींत, असें संशोधक अनुमान करितात.

अशा पुराव्याचें मर्म त्याच्या जागेंत असतें. ताम्रपट संग्रहालयांत नेला तरी वाचतां येतो. सड्यावरील हत्ती तसा नेतां येत नाहीं. आणि हाच जांभा घरांच्या चिऱ्यांसाठीं खणला जातो, याच सड्यांवरून रस्ते जातात. २०२३ सालीं बारसूच्या नियोजित तेलशुद्धीकरण कारखान्यावरून वाद पेटला, तेव्हां तेथील शिल्पांच्या भवितव्याचाहि प्रश्न निघाला. तत्पूर्वीं २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत ९ स्थळें घेतलीं गेलीं: रत्नागिरी जिल्ह्यांतील ७, सिंधुदुर्गांतील कुडोपी व गोव्यांतील पणसायमळ.

परंतु यादींत नांव येणें म्हणजे रक्षण होणें नव्हे. उक्षी गांवच्या लोकांनीं आपल्या सड्यावरील हत्तीभोंवतीं जांभ्याच्या चिऱ्यांचा गोल कठडा बांधला. पाहणाऱ्यानें बाहेर उभें राहून पाहावें, चित्रावर पाय पडूं नये, एवढीच त्यांतील योजना. खर्च थोडा, पण उपयोग मोठा; इतर गांवांनींहि तिचें अनुकरण करावें.