सिरॉसिस आणि फुगलेल्या शिरा : काही गैरसमज

मद्यपीलाच सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणतंतूंनी कठीण होण्याचा रोग, होतो ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की, जन्मभर एकादशी पाळणाऱ्या एखाद्या वृद्धेच्या कागदपत्रांत ते नाव आले म्हणजे आप्तेष्ट प्रथम डॉक्टरांच्या अकलेविषयी आणि मागाहून, दबक्या आवाजात, तिच्या चारित्र्याविषयी शंका घेऊ लागतात. मद्य हे मोठे कारण खरेच. परंतु हेपॅटायटिस 'बी' आणि 'सी' यांचे विषाणू, तसेच मधुमेह व स्थूलता यांच्या आश्रयाने यकृतात साचणारी चरबी, यांनीही तोच अनर्थ ओढवतो.

यकृत बिघडले म्हणजे डोळे पिवळे दिसणारच, हा दुसरा भ्रम. यकृताची राखीव शक्ती मुबलक असल्यामुळे रोग वर्षानुवर्षे बेमालूम वाढतो, आणि रक्तातील यकृताच्या चाचण्याही कित्येकदा जवळजवळ निर्दोष येतात.

सर्वांत घातक गैरसमज मात्र शिरांविषयीचा आहे : सिरॉसिसमध्ये पोटात फुगणाऱ्या शिरा पायांवरच्या शिरांसारख्याच, असे मानले जाते. पायांवरच्या फुगीर शिरांत झडपा निकामी होतात. सिरॉसिसमध्ये मात्र दोष शिरांचा नव्हे, रक्ताच्या वाटेचा असतो. आतडी व प्लीहा यांचे रक्त पोर्टल शिरेने यकृतात येते, आणि यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त याच वाटेने पोचते. व्रणतंतूंनी यकृत कठीण झाले की, जकातनाका बंद पडल्यावर गाड्या आडवाटांनी निघाव्यात तसे हे रक्त अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या व जठराच्या नाजूक शिरांतून हृदयाकडे जाऊ पाहते. पोर्टल शिरेतील आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांतील दाबाचा फरक निरोगी माणसात 5 मिलिमीटर पाऱ्यापलीकडे जात नाही. तो 10 वर गेला की या शिरा फुगू लागतात आणि 12 वर गेला की त्या फुटण्याचा धोका उद्भवतो. फुटण्यापूर्वी त्या दुखत नाहीत, म्हणूनच 'काही त्रास नाही, मग दुर्बिणीने तपासणी कशाला?' हा प्रश्न गैरलागू ठरतो. एकदा रक्तस्राव झाला की, आजच्या उपचारांनीही सहा आठवड्यांत शंभरांतले पंधरा ते वीस रुग्ण दगावतात.

पोर्टल शिरेतील याच वाढलेल्या दाबाने प्लीहा वाढते, रक्तातील प्लेटलेट घटतात आणि जलोदर होतो. जलोदरात घरची मंडळी पाणी तोडतात, डाळ-दूधही बंद करतात. वास्तविक आवरायचे ते मीठ. पाणी तोडण्याची वेळ बहुधा रक्तातील सोडियम फार उतरल्यावरच येते, आणि प्रथिने तोडल्यास आधीच झिजलेले स्नायू अधिक झिजतात.

हा रोग म्हणजे मृत्यूचे फर्मान, असेही नव्हे. हृदयविकारासाठी निघालेले प्रोप्रॅनोलॉल हे औषध पोर्टल शिरेतील दाब उतरवते, असे 1980 च्या सुमारास फ्रान्समधील लब्रेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. शिवाय दुर्बिणीतून शिरांना रबरी कडी बांधण्याची तजवीज आता मोठ्या शहरांतून सहज होते. ज्यांच्या यकृतविकाराचे निदान झाले आहे त्यांनी अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामके घेऊ नयेत, आणि रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच झाल्यास सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.