विस्तारित तळाचा भूनांगर

विस्तारित तळाचा भूनांगर हा जमिनीत किंवा खडकात पुरलेला, तळाशी मुद्दाम रुंद केलेला ताण-आधार आहे. व्यवहारात अशा आधारास ‘ग्राउंड अँकर’ म्हणतात. दरडीचा उतार, खोल खोदकामाची भिंत, धरण किंवा मनोरा जमिनीशी बांधून ठेवणे हे त्याचे कार्य होय. तो उपटण्यासाठी लागणाऱ्या कमाल बलास उपटबल म्हणतात.

रचना

यंत्राने छिद्र पाडून त्यात पोलादी सळई किंवा तारांचा जुडगा सोडतात व तळाच्या भागात सिमेंटचे ग्राउट भरतात. ग्राउट घट्ट झाल्यावर पोलाद ताणून वरच्या टोकाशी अडकवले जाते. तळाचा भाग जमिनीला धरून राहतो. वरचा मोकळा भाग फक्त ताण वाहून नेतो.

उपटबल

सरळ छिद्रातील नांगर ग्राउट व जमीन यांच्यातील घर्षणावर टिकतो. तळ रुंद केल्यास कंदाच्या खांद्यावरील मातीचा दाबही उपटण्यास विरोध करतो. उदाहरणार्थ, १५ सेंमी व्यासाच्या, ३ मीटर पकडलांबीच्या नांगरावर चिकणमातीचे घर्षण २० किलोपास्कल धरल्यास सुमारे २८ किलोन्यूटन बल मिळते. मातीचे कर्तनबल ५० किलोपास्कल असल्यास ३७.५ सेंमी व्यासाचा कंद आणखी सुमारे ४२ किलोन्यूटन देऊ शकतो. मात्र घर्षण अल्प सरकण्यातच पूर्ण जागृत होते, तर कंदाच्या विरोधास अधिक सरकणे लागते. म्हणून दोहोंची सरळ बेरीज नेहमीच सुरक्षित नसते. नांगर उथळ असल्यास वरची माती शंकूच्या आकारात उचलली जाते. पोलाद तुटणे, पोलाद ग्राउटमधून निसटणे, ग्राउट जमिनीतून निसटणे व माती उचलली जाणे यांपैकी सर्वांत दुर्बल दुवा अंतिम बल ठरवतो.

विद्युत स्पंदाने खडक फोडणे

तळ रुंद करण्यासाठी कापणारी पाती, उच्च दाबाचा जलझोत किंवा विद्युत स्पंद वापरतात. द्रवातून विद्युत विसर्ग झाल्यास आघातलहर निर्माण होऊन छिद्राची भिंत बाहेर ढकलली जाते. याउलट, व्होल्टेज एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात चढवल्यास पाणी खडकापेक्षा चांगले विद्युतरोधक ठरते आणि विसर्ग खडकातूनच मार्ग काढतो. त्यामुळे खडक आतून ताणला जाऊन फुटतो. खडकाची ताणसहनशक्ती दाबसहनशक्तीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असल्याने ही पद्धत परिणामकारक ठरते. तिचा पाया विसाव्या शतकाच्या मध्यास सोव्हिएत संघातील तोम्स्क येथे घातला गेला.

कोल्हापूर परिसर

कोल्हापूरच्या भूमीखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा, तर पंचगंगेच्या खोऱ्यात काळी माती आढळते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया वर उचलते. अशा जमिनीसाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने कंदयुक्त ‘अंडर-रीम्ड पाइल’ विकसित केले. त्यांत कंदाचा व्यास सामान्यतः दांड्याच्या अडीचपट असतो. तत्त्व तेच: फुगणाऱ्या थराखालील स्थिर मातीत पकड घेणे.

टणक बेसाल्टात सरळ नांगराची पकडही बहुधा पुरेशी असते. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणास ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात भेगा पडल्या. त्या इपॉक्सीने भरल्या गेल्या, ताणलेल्या पोलादी केबलींनी धरणाचा वरचा भाग बांधण्यात आला आणि पुढे मागील बाजूस काँक्रीटचे टेकू देण्यात आले.

चाचणी

कंद जमिनीखाली दिसत नाही. त्यामुळे नांगर नियोजित भारापेक्षा अधिक ताणून, भार काही काळ धरून व सरकणे मोजूनच स्वीकारला जातो.