सिन्नरहून एचआयव्हीची चाचणी: कुठे जायचे, पुढे काय होते

तालुक्याच्या गावात एचआयव्हीची चाचणी करायची म्हटली की मनात पहिला प्रश्न आजाराचा येत नाही, रांगेत कोण भेटेल याचा येतो. सिन्नरच्या सरकारी दवाखान्याच्या दारात शेजारीण, चुलतभाऊ, कंपनीतला सुपरवायझर, कुणीही समोर येऊ शकते. या एका धास्तीपायी माणसे महिनेच्या महिने काढतात, आणि तेवढ्या वेळात विषाणू शरीरात आपले काम करत राहतो. ही धास्ती खोटी नाही, पण ती कमी करता येते. आत गेल्यावर कोण काय विचारते, रक्त कितीदा घेतात, अहवाल कुणाच्या हातात पडतो हे आधी ठाऊक असले, तर पाऊल उचलणे बरेच सोपे होते. म्हणून हा सगळा रस्ता इथे पायरीपायरीने सांगतो.

सुरुवात एका अपवादाने करायला हवी, कारण तिथे घड्याळ चालू असते. संसर्गाचा धोका काल-परवाच घडला असेल, म्हणजे दवाखान्यात काम करताना वापरलेली सुई टोचली असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर महिनाभर थांबून चाचणी करण्याचा विचार करू नका. लगेच सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि ‘पेप’, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठीची औषधे, मागा. धोक्यानंतर ७२ तासांच्या आत ही औषधे सुरू करावी लागतात. पहिल्या काही तासांत सुरू झाली तर सर्वांत चांगले. ती २८ दिवस रोज घ्यायची असतात. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही. निरोध फाटला किंवा असेच काही घडले असेल तरी संकोच न करता डॉक्टरांना विचारावे. औषध द्यायचे की नाही ते धोका पाहून ठरवतात.

बाकी सगळ्यांसाठी दरवाजा आयसीटीसीचा, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राचा. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हे केंद्र असते. वावी, ठाणगाव, पांढुर्लीकडच्या माणसाला तेच जवळचे. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: आपल्याच तालुक्यात चाचणी करण्याचे बंधन कुणावरही नाही. सिन्नरच्या माणसाने नाशिकला जाऊन चाचणी केली, संगमनेरला केली, तरी ‘तुम्ही इकडे कसे’ असे विचारून कुणी परत पाठवू शकत नाही. ओळखीच्या नजरा टाळायच्या असतील तर सुमारे तीस किलोमीटरवरचे नाशिक गाठावे. त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे ‘सिव्हिल’ म्हणतात, तिथे दिवसभर इतकी गर्दी असते की कोण कशासाठी आले आहे याकडे पाहायला कुणाला सवड नसते. आधी फक्त फोनवर बोलावेसे वाटत असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि नाव सांगावे लागत नाही. जवळचे केंद्र कुठे आहे, हेही तिथे कळते.

केंद्रात गेल्यावर सुईच्या आधी समुपदेशक भेटतो. दार लावून बोलणे होते. लैंगिक संबंध, सुईने घेतलेली नशा, पूर्वी कधी चढवलेले रक्त, क्षयरोग, गरोदरपण याबद्दल प्रश्न येतात. ऐकायला अवघड वाटतात, पण ते चारित्र्य तपासायला विचारलेले नसतात. धोका नेमका कधी झाला, यावर चाचणीचा अर्थ अवलंबून असतो. विषाणू शरीरात शिरल्यावर त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. बहुतेकांत चार ते सहा आठवडे पुरतात, काहींत तीन महिन्यांपर्यंत लागतात. या मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या काळात विषाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच्या घटनेसाठी आज चाचणी केली, तर समुपदेशक तीन महिने भरल्यावर पुन्हा यायला सांगतो. तो सल्ला पाळावा.

याच कारणासाठी ‘रक्तदान करू, म्हणजे आपोआप तपासणी होईल’ हा विचार कृपा करून मनात आणू नका. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते हे खरे, पण विंडो पिरियडमधले रक्त त्या तपासणीतून निसटू शकते आणि ते एखाद्या बाळंतिणीला किंवा अपघातातल्या मुलाला चढवले जाते. आयसीटीसीत हीच माहिती फुकट आणि गुप्त मिळते.

तुम्ही संमती दिलीत, तरच रक्त घेतात. २०१७ साली झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा हे स्पष्ट सांगतो. समुपदेशन ऐकून ‘आज नको’ म्हणून उठून येण्याचाही हक्क तुम्हाला आहे. हातातून थोडे रक्त घेतात आणि नळीवर नावाऐवजी क्रमांक लावतात. पहिल्या किटवर काही आढळले नाही तर अहवाल ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे नाही. आढळले तर त्याच रक्तावर वेगळ्या पद्धतीची दुसरी आणि तिसरी किट लावतात. तिन्ही जुळल्या, तरच ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. किटांचे उत्तर एकमेकांशी जुळले नाही तर निकाल राखून ठेवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. खासगी लॅबमध्ये, शिबिरात किंवा एखाद्या आरोग्य केंद्रावर एकाच किटवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आले असेल तर तो शेवटचा शब्द नाही. आयसीटीसीत पक्की चाचणी होईपर्यंत स्वतःला काहीही चिकटवून घेऊ नये.

निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. तो तुमच्याच हातात, पुन्हा दार लावून, समुपदेशक समजावून सांगत देतो. नवऱ्याला, सासूला किंवा कंपनीला तुमच्या परवानगीशिवाय सांगितला जात नाही. ही गोपनीयता पाळणे कायद्याने बंधनकारक आहे.

जोडीदाराचा प्रश्न मात्र नाजूक आहे. समुपदेशक तुम्हालाच सांगायला प्रोत्साहन देतो, हवे तर दोघांना समोर बसवून मदत करतो. जोडीदाराला खरा धोका आहे आणि वारंवार समजावूनही रुग्ण सांगत नाही, अशा वेळी आधी रुग्णाला कल्पना देऊन सांगण्याची मुभा कायद्याने डॉक्टर आणि समुपदेशकाला दिली आहे. पण बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल, तिथे कायदा ही मुभा देत नाही. त्यामुळे अशी भीती असेल तर ती समुपदेशकाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावी.

इथे थोडे थांबतो, कारण सर्वांत जास्त अन्याय याच ठिकाणी होतो. गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी दवाखान्यात नेहमीच्या तपासण्यांबरोबर केली जाते. नवऱ्याला कुणी बोलावले तरी तो येतोच असे नाही. मग घरात पहिला कागद तिचा येतो, आणि ज्याचा कागद आधी आला त्यानेच आजार आणला, असा हिशेब घरातले करून मोकळे होतात. आधी कुणाची चाचणी झाली यावरून आधी कुणाला संसर्ग झाला हे ठरत नाही. ते सांगणारी चाचणी या केंद्रात नाहीच. दिवसभर सुपात पाने घेऊन विड्या वळणारी बाई असो की माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यात पाळी करणारी, तिच्या पहिल्या तपासणीला नवऱ्याने सोबत जावे आणि दोघांनी मिळून रक्त द्यावे. लग्न ठरवतानाही हेच. फक्त मुलीकडून अहवाल मागणारी मंडळी पाहिली की राग येतो. चाचणी करायची तर दोघांनी, आपखुशीने.

गरोदरपणात निदान झाले तर वेळ हातात असते. आईने औषधे नियमित घेतली, बाळाला जन्मानंतर लगेच औषध मिळाले, तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता फारच कमी राहते. बाळाची पहिली तपासणी दीड महिन्याचे झाल्यावर, टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर होते आणि शेवटची खात्री अठरा महिन्यांनी. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात बरेच दिवस राहतात, त्यामुळे तान्ह्या बाळाची साधी चाचणी फसवी ठरू शकते.

अहवाल पॉझिटिव्ह आला की समुपदेशक चिठ्ठी देऊन एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्राकडे पाठवतो. सिन्नरकरांसाठी ते नाशिकला सिव्हिलमध्ये आहे. सोबत आधी झालेल्या तपासण्यांचे कागद आणि ओळखपत्र न्यावे. नोंदणी होते, रोगप्रतिकार करणाऱ्या सीडी फोर पेशी मोजतात, यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी होते, आणि क्षयरोगाबद्दल चार प्रश्न हमखास विचारतात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटले का, रात्री घाम येतो का. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला सर्वांत मोठा धोका क्षयरोगाचा असतो, म्हणून खोकला लपवू नये.

पूर्वी सीडी फोर अमुक आकड्याखाली येईपर्यंत औषधासाठी थांबावे लागे. २०१७ पासून भारतात ते थांबणे संपले. निदान झाले की उपचार सुरू होतात. सरकारी केंद्रांत मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, आणि पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आज बहुतेक प्रौढांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही ती औषधे. सुरुवातीला डोके दुखणे, झोप न लागणे असा त्रास काहींना होतो आणि बहुधा ओसरतो. त्रास वाढला तर केंद्रात जावे, गोळी मनाने बंद करू नये. मध्येच बंद-चालू केल्याने विषाणू औषधाला सरावतो आणि मग दुसरी, अधिक अवघड औषधे लागतात.

सहा महिन्यांनी ‘व्हायरल लोड’ तपासतात, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण. ते इतके खाली जाऊ शकते की यंत्राला सापडत नाही. विषाणू न सापडण्याची ही पातळी टिकून राहिली, तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून संसर्ग पसरत नाही. ही गोष्ट प्रत्येक घरापर्यंत पोचली पाहिजे असे मला मनापासून वाटते. ताटवाटी वेगळी करणाऱ्या घरांत तर नक्कीच, कारण ताटवाटीतून हा विषाणू कधीच पसरत नव्हता.

महाराष्ट्रात सुमारे ४ लाख माणसे एचआयव्हीसह जगत आहेत, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. ती एकटी पडू नयेत म्हणून आधाराची काही ठिकाणे आहेत. ‘विहान’ ही काळजी व आधार केंद्रे, एचआयव्हीसह जगणाऱ्यांनीच उभारलेले एनएमपी प्लस हे राज्यातले जाळे, पुण्याची प्रयास, १९८९ पासून अहिल्यानगरला काम करणारी स्नेहालय, आणि नाशिकचे यश फाउंडेशन. कुणाकडे कोणती मदत मिळेल हे एआरटी केंद्रातला समुपदेशक सांगतो. आधीपासून औषध घेणाऱ्या एखाद्या माणसाशी भेट घालून द्या, असेही त्याला म्हणावे. दहा वर्षे गोळी घेऊन शेती करणारा, मुलांची लग्ने लावणारा माणूस समोर बसला की डॉक्टरच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त धीर येतो.

पैशांची बाजूही आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीसह जगणाऱ्या गरजूंचा समावेश आहे. उत्पन्नाची अट असते आणि अर्ज तहसील कार्यालयात करायचा. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. एसटीच्या साध्या बसमध्ये प्रमाणपत्रावर प्रवास सवलत मिळते. नाशिकच्या फेऱ्या करताना रोजंदारी बुडणाऱ्याला हे छोटे नाही. प्रकृती स्थिर झाली की काही महिन्यांची औषधे एकदम मिळू शकतात, आणि जवळ मुख्य केंद्राला जोडलेले लिंक एआरटी केंद्र असेल तर तिथून घेता येतात. तशी सोय आपल्याला मिळेल का, हे आपणहून विचारावे.

नोकरीबद्दल दोन वाक्ये, कारण सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत दरवर्षी नवे हात येतात. कामावर घेण्याआधी एचआयव्हीची चाचणी मागणे आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणे, दोन्ही कायद्याने मना आहे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याच्यावर राज्याचा लोकपाल असतो.

जे बिहार, उत्तर प्रदेशातून किंवा मराठवाड्यातून इथे कामाला आले आहेत, त्यांनी गावी परतण्याच्या आठवडाभर आधी एआरटी केंद्रात जाऊन बदलीची चिठ्ठी आणि पुरेशा गोळ्या मागून घ्याव्यात. गावाजवळच्या केंद्राचे नाव सांगितले की नोंद तिकडे जाते, आणि तिथे उपचार नव्याने सुरू करावे लागत नाहीत.