परसातील बदकांसाठी पाण्याची सोय

बदक हा पाणपक्षी असल्यामुळे तळे, ओढा किंवा भातखाचर जवळ असल्याशिवाय तो पाळता येत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. या समजापायी अनेक लहान शेतकरी व भूमिहीन कुटुंबे बदकांचा विचारच करीत नाहीत. वास्तविक अंडी घालण्यासाठी बदकास पोहणे आवश्यक नसते. वर्षाकाठी ३०० च्या आसपास अंडी देण्याबद्दल प्रसिद्ध असलेली खाकी कँपबेल ही जात आवारात बांधलेल्या खुराड्यातही चांगली अंडी देते. मात्र पोहण्याचे पाणी नसले तरी चालते याचा अर्थ पाणी कसेही दिले तरी चालते असा कोणी घेऊ नये. बदकांच्या बाबतीत होणारे बहुतेक नुकसान खाद्यापेक्षा पाण्याच्या हयगयीमुळे होते.

प्रथम पिण्याच्या पाण्याचा विचार करू. कोंबडी चोच बुडवून मान वर करते व घोट गिळते. तिला उथळ भांडे पुरते. बदकाची चोच रुंद व चपटी असून तिच्या कडांना दाते असतात. कोरडा भरडा किंवा कोंडा खाताना तो या दात्यांत व नाकपुड्यांत चिकटून बसतो. बदक म्हणूनच एक घास खाते, पाण्याकडे धावते, चोच धुते व पुन्हा खाद्याकडे येते. ही धावपळ पाहून काही जण खाद्य वाया जाते म्हणून पाण्याचे भांडे दूर ठेवतात. असे कधीही करू नये. पाण्यावाचून कोरडे खाद्य खाल्ल्यास घास घशात अडकून पक्षी गुदमरतो. जेथे खाद्य तेथे पाणी, हा नियम काटेकोरपणे पाळावा. खाद्य थोडे ओलवून दिल्यास नासाडीही कमी होते. मात्र ओले खाद्य उन्हाळ्यात लवकर आंबते, म्हणून एका वेळी संपेल तेवढेच द्यावे.

भांड्याची खोली किती असावी? मोठ्या बदकांसाठी १२ ते १५ सेंटिमीटर, म्हणजे नाकपुड्या व डोळ्यांसह संपूर्ण डोके बुडेल इतकी. डोके बुडविता न आल्यास डोळ्यांच्या कडांना चिकटा धरतो, पापण्या सुजतात आणि नाकपुड्या बंद होतात. परसात डोळे चिकटलेले बदक दिसले, तर औषध शोधण्यापूर्वी भांडे पाहावे. एका मोठ्या बदकास दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी पिण्यास लागते व सांडलवंड त्याहून निराळी. कडक उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते. भांडे सावलीत ठेवावे. तापलेले पाणी पक्षी पुरेसे पीत नाहीत व त्याचा परिणाम अंड्यांवर लगेच दिसतो.

पिलांची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. खाकी कँपबेलची मादी सहसा खुडूक होत नाही, त्यामुळे आपल्याकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली बसविण्याची रीत आहे. अंडी २८ दिवसांनी फुटतात. मादी बदकाजवळ वाढलेल्या पिलांच्या लवेस आईच्या अंगावरील तेलाचा लाभ होतो. कोंबडीखालच्या पिलांस तो होत नाही. अशी पिले पाण्यात शिरली की चिंब भिजतात, गारठतात आणि संध्याकाळपर्यंत मरून पडतात. पालक कोंबडी काठावर ओरडत राहते, पण पिले काही बाहेर येत नाहीत! म्हणून पहिले काही आठवडे परळात मधोमध गाडगे पालथे घालून भोवती ५ सेंटिमीटरइतकीच रुंद फट ठेवावी, म्हणजे पिलांची चोच पाण्यात जाईल पण अंग जाणार नाही. परळात स्वच्छ गोटे टाकले तरी हाच हेतू साधतो. तीन-चार आठवड्यांनंतर ऊन असेल त्या दिवशी उथळ पाण्यात थोडा वेळ सोडण्यास हरकत नाही. मात्र दिवस मावळण्यापूर्वी पिले पूर्ण कोरडी झाली पाहिजेत.

आता आंघोळीचे पाणी. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. आंघोळ झाल्यावर चोचीने ते तेल सर्वांगास लावून बदक पिसे साफसूफ ठेवते. आठवड्यातून दोनतीन वेळा अंग भिजविण्याची सोय असली तरी पिसांची निगा चांगली राहते. ६० सेंटिमीटर व्यासाचे व १५ सेंटिमीटर खोलीचे टोपले-घाटाचे भांडे भरण्यास सुमारे ४२ लिटर, म्हणजे साधारण तीन हंडे पाणी लागते. चार-पाच बदकांस तेवढे पुरते. अर्धे कापलेले पिंप किंवा गुरांची जुनी डोणही चालेल. भांड्याच्या आत व बाहेर विटांची पायरी अवश्य रचावी. भिजून जड झालेल्या बदकास उभ्या काठावरून चढता येत नाही व उथळ भांड्यातही ते दमून बुडते.

ज्या गावी बायकांना उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणावे लागते, तेथे तीन हंडे ओतण्याचा सल्ला देणे अन्यायाचे होईल. तेथे आंघोळ बंद ठेवावी व डोके बुडेल एवढ्या खोल भांड्यावर भागवावे. घरातील हंडे रोज सकाळी रिकामे करून शिळे पाणी ओतून टाकण्याची पद्धत अनेक घरी आहे. ते पाणी बदकांच्या भांड्यात जावे. साबणाचे पाणी मात्र कदापि देऊ नये. साबण पिसांवरील तेल काढून टाकतो व पक्षी ते पाणी पितोही.

वापरलेले पाणी कोठे जाते, यावर शेजाऱ्यांशी सलोखा अवलंबून असतो. बदकाच्या विष्ठेत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि दोन दिवसांत भांड्याभोवती चिखल होतो. भांडे खुराड्यात न ठेवता उताराच्या बाजूस ठेवावे, त्याखाली खडीचा थर द्यावा आणि पाणी केळी, अळू किंवा नारळाच्या आळ्यात सोडावे. झाडांना त्याचे खत मिळते. विहिरीपासून ही जागा दूर असावी व बदकांना पिण्याच्या पाण्याच्या तळ्यावर सोडू नये. तळे गावाचे असते आणि एका घराच्या पाच बदकांमुळे उठलेली तक्रार सर्वांचेच बदकपालन बंद पाडते. साचलेल्या भांड्यात डासांच्या अळ्या होतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडे घासून पूर्ण वाळवावे.

साचलेल्या, कुजक्या पाण्याचा आणखी एक धोका आहे. उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात मेलेले मासे किंवा कुजका पाला असल्यास तेथे बॉट्युलिझमचे विष तयार होते. ते पोटात गेलेल्या बदकाचे पाय व मान लुळी पडते. अशी लक्षणे दिसताच कळपास त्या पाण्यापासून हलवावे, स्वच्छ पाणी द्यावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. बदकांचा प्लेग हा रोगही पाण्यातून पसरतो. त्यावर लस आहे.

रानबदके उतरतात अशा पाणथळ जागी पाळीव बदके सोडण्याचे हिवाळ्यात विशेषकरून टाळावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांत आढळला व हजारो पक्षी नष्ट करावे लागले. पाणपक्षी या रोगाचे विषाणू नेऊ शकतात आणि पाळीव बदक वरून ठणठणीत दिसत असतानाही ते कोंबड्यांना देऊ शकते. ज्या घरी दोन्ही पक्षी आहेत, तेथे बदकांचे व कोंबड्यांचे पाणी वेगळे ठेवावे. त्यामुळे कोंबड्यांचे पाणीही घाण होत नाही. बदके सकाळी नऊच्या सुमारापर्यंत अंडी घालतात, तोवर त्यांना कोंडून ठेवावे व मगच पाण्याकडे सोडावे. नाहीतर अंडी पाण्यात व चिखलात पडून हरवतात.