कायदा एक, नजरा दोन

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२चं. सांगली-साताऱ्याची मुलंमुलीही इथे शिकतात. यातल्या बहुतेक पदवी विद्यार्थ्यांना दारू पिण्याची मुभाच नाही: महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५, शिवाय परवाना. कायदा मुलगा-मुलगी फरक करत नाही.

समाज करतो.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ वर्षांवरच्या सुमारे १४ टक्के पुरुषांनी दारू पीत असल्याचं सांगितलं. बायकांचं प्रमाण अर्धा टक्काही नाही. शेजारच्या गोव्यात हेच आकडे ३७ आणि साडेपाच. म्हणजे इथे रीतीभातींचा हात मोठा. आणि घरच्यांच्या कानावर जाईल या धास्तीने किती जणी खरं सांगत असतील?

शरीराचा हिशेब वेगळा. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातलं मद्याचं प्रमाण जास्त चढतं. पण हॉस्टेलवरच्या मुलीने हे विचारायचं कुणाला? विचारलं की बदनामी. मुलाचं मात्र ‘या वयात चालायचंच’ म्हणून खपून जातं, आणि त्या खपवून घेण्यातच व्यसन मुरतं. ही सवलत त्याच्याच जिवावर उठते.

‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर दोघांनाही चोवीस तास मोफत समुपदेशन मिळतं.